खर्जाचं भूत: ऑडिओ लायब्ररीत दुरुस्ती पाठवायचीय, कोल्हापुरातलं कोण कोण येतंय?

रंकाळवेस | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

दिवसा मी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. रात्री, गेले दोनेक महिने, रियाजासाठी एक छोटं ॲप करतोय. मोबाइल समोर ठेवायचा, आपला सा सांगायचा आणि गाताना कुठल्या स्वरावर आहोत ते पडद्यावर बघायचं. बास, एवढंच. आवाजातून वारंवारता काढायचं गणित माझं नाही. त्यासाठी एक मुक्तस्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतलीय. सी भाषेतली, आटोपशीर, एमआयटी परवान्याची (म्हणजे जवळजवळ कसाही वापरा), दोन-तीन जण फावल्या वेळात सांभाळतात अशी. नाव धाग्यात टाकत नाही. हात लावायचाय त्यांनी व्यनि (वैयक्तिक निरोप) करा, दुवा देतो.

अडचण अशी. नुसता गळा असला की ॲप झकास चालतं. मागं तानपुरा लागला की बिघडतं. पेटीच्या काळी एकचा सा म्हणजे १३८.६ हर्ट्झ. सा लावला की पडद्यावर ६९.३, म्हणजे एक सप्तक खालचा सा, खर्ज. पंचम लावला तरी ६९.३! कधी मध्येच बरोबर दाखवतं, परत खाली कोसळतं.

कोड उघडून बघितला. आत वारंवारता शोधायची यिन नावाची पद्धत आहे, २००२ साली शेव्हेन्ये आणि कावाहारा यांनी मांडलेली. त्यात शोधायची सगळ्यात खालची वारंवारता ६० हर्ट्झ अशी थेट कोडात ठोकून बसवलीय, बाहेरून बदलायची सोय नाही. मी माझ्या प्रतीत ती १३० केली. भूत गायब.

आता माझ्यापुरतं मिटलं म्हणून गप्प बसता येतं. आजवर तेच करत आलो. पण दर नव्या आवृत्तीला तोच बदल परत लावायचा म्हणजे दर पावसाळ्यात तेच पत्रे परत ठोकायचे. मूळ प्रकल्पातच नीट पाठवावं म्हणतो. एकट्यानं सुरू केलं तर आठवड्यात सोडून देणार, माझी मला ओळख आहे. कोणी येतंय का सोबत? कोड येत नसला तरी चालेल. तानपुरा लावता येणारं माणूस मात्र पायजेच.

---

सेम_सहावं | शनिवार, रात्री ११:०५

दादा मी येतो!! तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात सी झालंय. प्लेसमेंटच्या आधी ओपन सोर्सचं एक तरी काम नावावर पाहिजे. आजच पीआर (बदल घ्या अशी विनंती) टाकू का? बदल तर एका आकड्याचा आहे, ६० चे १३०.

---

गिटोबा | शनिवार, रात्री ११:३२

थांब रे बाबा.

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात. दहाएक वर्षं असल्या प्रकल्पांत लुडबुड करतोय, म्हणून चार गोष्टी सांगतो. रंकाळवेसनं नाव लिहिलं नाही ते बरं केलं. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (मुक्तस्रोत कामाचा ऑक्टोबरातला उपक्रम) टी-शर्टापायी लोकांनी रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, एकेक शब्द घुसडून विनंत्यांचा असा लोंढा आणला, की शेवटी प्रकल्पानं स्वतः होऊन भाग घेतला तरच मोजायचं असा नियम ऐन ऑक्टोबरात करावा लागला. पुराच्या वेळी बोट घेऊन येणारे आणि पूर बघायला येणारे यांच्यातला फरक आपल्याकडं कुणाला समजावायला नको.

तर आधी जुने इश्यू (प्रकल्पाकडं नोंदवलेल्या अडचणी) शोधा, कुणी हेच आधी मांडलंय का. नसेल तर इश्यू उघडा, कोड नंतर. इश्यूत "तुमची लायब्ररी चुकते" असं न लिहिता काय दिलं, काय यायला पाहिजे होतं, काय आलं, एवढं लिहा. आणि सहाव्या सेमवाल्या भावा, "रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल" असलं काही लिहू नकोस. तिकडं सर नसतात.

६० चे १३० हा बदल ते घेणार नाहीत आणि घेऊही नये. ज्याला ६१ हर्ट्झ ऐकायचेत त्याचं काय?

---

उद्यमनगरी | रविवार, सकाळी ७:१५

मला तर ६१ बी न्हाई, २४ पायजे.

आमचं मशीन शॉप हाय. मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. बेअरिंग जायला लागलं की आवाज बदलतोय. आमच्या जुन्या मिस्त्रींना नुसतं स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावली की कळतंय. आता ते गावाकडं गेले, कान बी सोबत गेलं. म्हणून पोरानं मोबाइलवर कायतरी करून दिलंय, हीच लायब्ररी. पण ६० च्या खाली ती ऐकतच न्हाई. आमचा २४ तिला दिसत न्हाई, तिसरं काहीतरी दाखवती.

तुम्हाला वर सरकवायचंय, मला खाली. एकाच खिळ्याला दोघं अडकलोय म्हणा की.

---

षड्जपंचम | रविवार, सकाळी ९:५०

मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. राजारामपुरीत गाणं शिकवते. घरी दोन तानपुरे आहेत, एक माझा काळी चारचा आणि एक पुरुषांसाठी काळी एकचा, दोन्ही मिरजेचे. कधीही या.

दोन प्रश्न विचारते, वेडगळ वाटले तर सोडून द्या.

पहिला. तुम्ही म्हणता खर्ज दिसतो. तानपुऱ्यात खर्जाची तार असतेच: पंचम, दोन जोडाच्या सा, आणि शेवटी खर्ज. मग तो दिसतो यात चूक काय? यंत्र खर्जाची तारच ऐकत असेल. ती तार छेडलीच नाही तर काय दिसतं ते पाहिलंत का?

दुसरा. १३० च्या खाली ऐकायचंच नाही असं ठरवलं, तर मुलगा मंद्रात, खालच्या सप्तकात, उतरल्यावर त्यानं काय करायचं? काळी एकचा मंद्र पंचम १३० च्या खालीच असणार ना? आमच्याकडं सकाळचा अर्धा रियाज मंद्रातच असतो.

---

रंकाळवेस | रविवार, सकाळी १०:०२

ताई, दोन्ही प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नाही. दुपारी चारला येऊ का?

---

रंकाळवेस | रविवार, रात्री ९:२०

जाऊन आलो. मी, सहावं सेम आणि उद्यमनगरीचे काका. सविस्तर लिहितो, कारण आज जे झालं ते मला नुसता कोड वाचून कधी कळलं नसतं.

ताईंनी आधी वीस मिनिटं तानपुरा लावला. आम्ही तिघं चहा घेऊन गप्प. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा त्या नखानं एक केसभर पुढं, एक केसभर मागं सरकवत होत्या. एका जागी तार अशी काही उघडली की खोली भरून गेली. काका म्हणाले, "हे तर शिमिंग झालं!" ताईंना शिमिंग (पातळ पत्री सारून भाग नेमका बसवणं) माहीत नव्हतं, काकांना जवारी (दोऱ्यानं तारेचा आवाज खुलवणं) माहीत नव्हती. दोघांनी एकमेकांना समजावलं, त्यात पाव तास गेला.

मग ताईंचा एक विद्यार्थी सा लावून बसला. लॅपटॉपवर ६९.३. ताईंनी खर्जाच्या तारेवर बोट ठेवून ती पूर्ण दाबली, फक्त पंचम आणि जोड छेडला. तरीही ६९.३! मग एकट्या पंचमाची तार आणि मुलाचा सा. तरीही तेच. जी तार वाजतच नाहीये तिचा स्वर यंत्र दाखवतंय. भूत म्हणालो होतो ते खरंच भूत निघालं.

मंद्राचं बघायला मर्यादा ९० वर आणली. आता गंमत. मुलगा मंद्र पंचमावर आला, १०३.९ यायला पाहिजे, तर आकडा १०० वर चिकटला. मुलगा थांबला, आकडा तिथंच. तानपुरा खाली ठेवला, आकडा तिथंच. आम्ही कोडात शोधतोय. काका उठले आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला. आकडा गेला. विजेची गुणगुण, ५० आणि तिची दुप्पट १००. काका म्हणाले, "वर्कशॉपात राहिला असतास तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं."

खर्ज दाबल्यावरही ६९.३ का, ते कुणी सांगेल काय?

---

गिटोबा | रविवार, रात्री १०:४५

ताईंचा पहिला प्रश्न म्हणजे पूर्ण इश्यू आहे. एक तार दाबून त्यांनी जे दाखवलं ते आपण आधीच करायला पाहिजे होतं.

सा १३८.६. तानपुऱ्यातली पंचमाची तार मंद्राची, १०३.९ ची, पण जवारीमुळं तिच्यातून दुप्पट स्वर, २०७.९, ठळक निघतो; पंचम म्हणून तोच धरू. सा दोनदा हेलकावतो तेवढ्या वेळात पंचम तीनदा. दोघांची मिळून जी लाट होते, ती फिरून पहिल्यासारखी व्हायला सेकंदाचा ६९.३ वा भाग लागतो. यिन काय करतं, तर लाटेची एक प्रत घेऊन ती मूळ लाटेवर सरकवत नेतं आणि कुठं चपखल बसते ते बघतं. सा च्या अंतरावर सा बसतो पण पंचम नेमका उलटा पडतो. दोघंही बसतात ते खर्जाच्या अंतरावर. सेकंदाला ४४१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) धरले तर ते अंतर ६३६ सॅम्पल. ६० ची मर्यादा ७३५ पर्यंत शोधू देते, म्हणून सापडतं. १३० केली की ३४० च्या पुढं ती बघतच नाही. बिचारीला एकच गळा आहे असं सांगून ठेवलेलं असतं, त्या हिशोबानं तिचं उत्तर बरोबरच आहे.

आता काकांचं. समजा बफर (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) २०४८ सॅम्पलचा आहे. प्रत सरकवायला जागा लागते, म्हणून शोध निम्म्यापर्यंतच, १०२४. म्हणजे ४३ हर्ट्झच्या खाली गणितानंच जाता येत नाही, कोडात काहीही लिहा. २४ साठी १८३८ सॅम्पल सरकवावं लागेल, बफर त्याच्या दुप्पट. बफर ४०९६ घेतला तर २२ पर्यंत सुखानं जाता येईल, पण एकेक उत्तर ९३ मिलिसेकंदांच्या तुकड्यावर निघेल. मोटरीला चालतं, तानेला नाही.

आणि ताईंच्या दुसऱ्या प्रश्नामुळं हेही ठरलं की आकडा लायब्ररीनं ठरवायचाच नाही. वापरणाऱ्यानं सांगायचा. बफरला झेपणार नाही असा आकडा दिला तर लायब्ररीनं स्पष्ट नकार द्यायचा, गुपचूप चुकीचं उत्तर द्यायचं नाही. न सांगितलं तर आजच्यासारखेच ६०, जुन्या कुणाचं काही बिघडायला नको.

---

मिरज_जंक्शन | सोमवार, सकाळी ८:३०

मिरजेचे तानपुरे वाचून आलो. आमच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते जाता जाता सांगून टाकतो :)

अवांतर: अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. केसरबाईंचा आवाज १९७७ पासून व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर सूर्यमालेबाहेर चाललाय. उद्या कुणी परग्रहवासीयानं ही लायब्ररी लावून ऐकलं तर त्याला आपण सगळे खर्जातच गातो असं वाटायचं.

---

षड्जपंचम | सोमवार, सकाळी ९:१०

अहो, खर्ज भरायलाच आयुष्य जातं. वाटू दे की त्याला.

---

संपादक मंडळ | सोमवार, सकाळी ११:००

गाण्यावरच्या गप्पांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. हा तांत्रिक विभाग आहे. (वाचतोय आम्हीही.)

---

सेम_सहावं | मंगळवार, रात्री १:४०

दादा, काकांचा पोरगा आणि मी बसून केलं! तुमच्या फोर्कवर (प्रकल्पाच्या प्रतीवर) ब्रँच (बदलांची वेगळी शाखा) टाकलीय. चालतंय पण. बघा ना कोणीतरी.

---

गिटोबा | मंगळवार, सकाळी ८:१५

बघितलं. रागवत नाही, पण ऐक.

एक. डिफ (जुन्या-नव्या कोडातला फरक) ६१२ ओळींचा आहे. त्यातला खरा बदल मला वीसेक ओळींचा दिसतो. बाकी तुझ्या एडिटरनं टॅबच्या जागी स्पेस टाकल्यात. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, रात्री मुलांना झोपवून हे उघडणार, ६१२ बघणार आणि झोपायला जाणार. एडिटरचं आपोआप सजवणं बंद कर.

दोन. मुख्य फंक्शनला तू एक नवा आर्ग्युमेंट जोडलायस. सी मध्ये त्याला "न दिल्यास ६०" असं म्हणता येत नाही. जगात जिथं जिथं हे फंक्शन वापरलंय तिथं तिथं उद्या बिल्ड मोडेल. जुन्याला हात न लावता मर्यादा ठरवणारं वेगळं छोटं फंक्शन दे.

तीन, आणि हे गंभीर आहे. तो इंटरपोलेशनचा (दोन सॅम्पलमधला नेमका आकडा काढायचा) तुकडा कुठनं आणलास? मला तो ऑबिओ या दुसऱ्या ऑडिओ लायब्ररीतला वाटतोय. ऑबिओचा परवाना जीपीएल, त्यातला कोड घेतला की आपलंही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ही लायब्ररी एमआयटी. तिकडचा कोड इकडं चिकटवता येत नाही, नाव बदलून तर अजिबात नाही. गणित वाचून समजून घे, मग ती खिडकी बंद कर आणि स्वतः लिही. कुणा एआयनं काढून दिला असेल तरी प्रश्न तोच राहतो, त्यानं कुठनं उचलला ते तुला सांगता आलं पाहिजे.

---

सेम_सहावं | मंगळवार, सकाळी ८:५०

तिसरं खरंय. सॉरी. मला वाटलं सगळं ओपन सोर्स म्हणजे एकच. काढून टाकतो.

---

उद्यमनगरी | बुधवार, रात्री १०:१०

आमच्या पोरानं तीन दिवस बसून लिवलेल्या टेस्टा कुठं गेल्या? काल ब्रँचवर होत्या, आज न्हाईत. पोरगं जेवंना झालंय.

---

सेम_सहावं | बुधवार, रात्री १०:२५

काका माझ्याकडून झालं. सजावटीचा डिफ काढायला रीबेस केला (बदल नव्यानं रचले), मग पुश होईना म्हणून फोर्स मारला (तिकडचं पुसून आपलं चढवलं). त्याचे कमिट (नोंदवलेले बदल) माझ्याकडं आलेलेच नव्हते. सगळे गेले. मी उद्या परत लिहून देतो.

---

गिटोबा | बुधवार, रात्री १०:३१

काही गेलेलं नाही, कुणी काही परत लिहू नका. काका, पोराला सांगा की त्याच्या लॅपटॉपवर ते कमिट जसेच्या तसे आहेत. फक्त आता पुल मारू नको (तिकडचं उतरवून घेऊ नको) म्हणावं. आहे त्या जागेवरून आधी नवी ब्रँच काढून पुश करू दे. पुल मारून बसला असेल तरी रिफ्लॉगमध्ये (गिटच्या मागच्या हालचालींच्या नोंदीत) सापडतील, मला फोन करा.

आणि यापुढं सामायिक ब्रँचवर फोर्स मारायचाच झाला तर फोर्स-विथ-लीज. आपल्याला माहीत नसलेलं काही तिकडं असेल तर तो नकार देतो.

---

उद्यमनगरी | बुधवार, रात्री ११:०५

सापडल्या. जेवला.

---

रंकाळवेस | पुढचा शुक्रवार, रात्री ९:४५

दरम्यान इश्यू टाकून नऊ दिवस झाले होते. सहावं सेम रोज विचारत होतं, "परत आठवण करू का?" गिटोबांनी दम दिला म्हणून गप्प बसलो. काल रात्री उत्तर आलं. थोडक्यात मराठीत देतो.

कल्पना मान्य. वेगळं फंक्शन द्यायची सूचना त्यांनाही आवडली. बफरपेक्षा खालची मर्यादा मागितली तर एरर कोड परत द्या. रेकॉर्डिंग मात्र रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) नको: फाइली जड होतात, त्यांच्या हक्कांचं झेंगट राहतं, आणि टेस्ट मोडली की नक्की काय मोडलं ते कळत नाही. टेस्टमध्येच दोन शुद्ध लाटा बनवा, १३८.६ आणि २०७.९, त्या मिसळा आणि उत्तर तपासा.

रास्त आहे. पण ताईंचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, ते आम्ही सीसी-झीरोखाली (सगळे हक्क सोडून) द्यायचं म्हणून त्यांच्याकडून लिहूनसुद्धा घेतलं होतं. ते आता माझ्या ड्राइव्हवरच राहणार. ताई, माफ करा.

---

षड्जपंचम | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

माफी कसली. त्या चाळीस मिनिटांत शेजारच्यांच्या कुकरच्या सात शिट्ट्या आहेत, त्या जगभर गेल्या नाहीत हेच बरं.

---

रंकाळवेस | शनिवार, दुपारी १२:३०

शुद्ध लाटांची टेस्ट लिहिली. आणि ती जुन्या कोडवर पण पास होतेय! म्हणजे बगच दिसत नाही. गाणाऱ्याचा सा पूर्ण आवाजात, पंचम त्याच्या एक दशांश, असं घेतलंय. तानपुरा मागं बारीक असतो ना, म्हणून. काय चुकतंय?

---

षड्जपंचम | शनिवार, दुपारी १:०५

एक दशांश कुणी सांगितलं तुम्हाला? तानपुरा माझ्या खांद्याला टेकलेला असतो, मोबाइल समोर जमिनीवर भोपळ्याजवळ. बैठकीत श्रोत्यांना तो मागं वाटतो, मोबाइलला नाही. त्या दिवशी मुलगा सा हळू लावत होता तेव्हा पंचम जवळजवळ त्याच्या बरोबरीला होता. निदान एक तृतीयांश धरा.

---

गिटोबा | शनिवार, दुपारी २:५०

ताईंचा अंदाज कागदावर मांडून बघितला. मूळ निबंधात "चपखल" म्हणायचा उंबरठा ०.१ आहे, आपल्या लायब्ररीतही तोच. सा च्या अंतरावर पंचम उलटा पडल्यानं जी विसंगती उरते ती साधारण पंचमाच्या ताकदीच्या वर्गावर वाढते. पंचम एक दशांश असेल तर विसंगती ०.०२ च्या आसपास, उंबरठ्याच्या आत, म्हणून सा च पसंत होतो. एक पंचमांशाला ०.०७७, अजून आतच. पावाला ०.११८, गेला बाहेर. एक तृतीयांशाला ०.२. म्हणजे तानपुरा गळ्याच्या जेमतेम पावाइतका झाला की भूत येतं. ॲप कधी बरोबर, कधी चूक दाखवत होतं त्याचंही उत्तर हेच: मुलगा जोरात लावायचा तेव्हा बरोबर.

टेस्टमध्ये एक तृतीयांश घ्या. आणि इश्यूखाली हे पावाचं गणित दोन ओळीत लिहा. त्यांना ते रेकॉर्डिंगपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

---

सेम_सहावं | सोमवार, रात्री ११:५५

पीआर टाकला!! बदल १४ ओळी, टेस्टा ५८. टॅब जागच्या जागी. पण त्यांच्या सीआयवर (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) एक जॉब लाल आलाय. माझ्याकडं, दादाकडं, काकांच्या पोराकडं, सगळीकडं हिरवं आहे. त्यांचं मशीन खराब असेल का?

---

गिटोबा | मंगळवार, सकाळी ७:४०

त्यांचं मशीन खराब आहे, हे वाक्य मी माझ्या पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. लॉग वाच. तो जॉब ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून चालतो. म्हणतोय की तुम्ही ॲरेच्या बाहेर एक घर पुढं वाचताय.

कुठली टेस्ट पडतेय बघ: मर्यादा बरोब्बर सा वरच ठेवलीय ती. उत्तर शोधाच्या अगदी शेवटच्या घरात येतं. मग अपूर्णांकातला आकडा काढायला डावं घर, ते घर आणि उजवं घर यांतून पॅराबोला काढायचा असतो. उजवं घरच नाही. तुमच्या मशीनवर तिथं योगायोगानं निरुपद्रवी कचरा पडलेला होता, म्हणून हिरवं. शेवटच्या घरासाठी एक सॅम्पल जास्त मोजा, आणि बफरची तपासणी पण त्या एकानं कडक करा.

ही टेस्ट कुणाची कल्पना? फार चांगली आहे.

---

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ८:०५

आमच्या पोराची. गेज नेहमी लिमिटवर लावून बघायचं, मधी लावून काय कळतंय, हे त्याला मीच शिकवलंय.

---

रंकाळवेस | बुधवार, रात्री ९:१५

हिरवं झालं. आता नावांचा प्रश्न. कमिट सहाव्या सेमच्या नावानं आहे, ते बरोबर. खाली "को-ऑथर्ड-बाय" (सहलेखक) म्हणून ओळी टाकता येतात. मी, काकांचा पोरगा, गिटोबा आणि ताई असं टाकतोय.

---

षड्जपंचम | बुधवार, रात्री ९:४०

माझं नको. मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

---

सेम_सहावं | बुधवार, रात्री ९:४४

ताई, तुम्ही तार दाबली नसती तर मी ६० चे १३० करून पाठवलं असतं. आणि एक तृतीयांश तुमचंच आहे, ५८ ओळींतल्या निम्म्या त्याच्यावर आहेत.

---

गिटोबा | बुधवार, रात्री १०:००

त्या ओळीत ईमेल लागतो, खरा टाकायची गरज नाही. गिटहब खातं उघडलं की तेच एक नो-रिप्लाय पत्ता देतं. पाच मिनिटांचं काम आहे, भाच्याला सांगा. माझं नाव मात्र काढा. मी नुसता ओरडत होतो.

---

षड्जपंचम | गुरुवार, सकाळी १०:३०

खातं उघडलं. भाच्यानं फोटो म्हणून भोपळ्याचा लावलाय. असू दे.

---

रंकाळवेस | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १२:१०

झाला मर्ज! बदल मूळ प्रकल्पात गेला.

मध्ये दोन फेऱ्या झाल्या, एका व्हेरिएबलच्या नावावर आणि एका कॉमेंटच्या व्याकरणावर. शेवटी मेंटेनरनं एक प्रश्न विचारलाय: सा-पंचमाऐवजी तानपुरा मध्यमावर लावला तर हीच अडचण येते का, आणि आली तर आकडा कुठला येतो? गणितानं मला ४६.२ येतोय, म्हणजे ६० ची मर्यादा असताना तिथपर्यंत ती पोचतच नसणार. मग ती काय दाखवते ते बघायला लागेल. शुद्ध लाटांवर करता येईल, पण आधी ऐकून बघावं म्हणतो.

---

उद्यमनगरी | शनिवार, सकाळी ६:५०

आमची मोटर २३.९ दाखवायली. मिस्त्रींना गावाकडं फोन करून ऐकवली. म्हणाले बेअरिंग चांगलं हाय, पट्टा ढिला हाय. पट्टा ढिला निघाला.

---

षड्जपंचम | शनिवार, सकाळी ९:२०

मध्यमावर लावून ठेवते. उद्या चारला या. पंचमाची तार उतरवायला वेळ लागतो, लवकर येऊन घाई करू नका.

---

रंकाळवेस | शनिवार, सकाळी ९:२५

येतो ताई. लॅपटॉप घरनं पूर्ण चार्ज करूनच आणतो.